लहान मुलांच्या छातीतली गाठ: आधी वय बघा, मग गाठ

बाळाला अंघोळ घालताना किंवा मुलीला फ्रॉक चढवताना स्तनाग्राखाली हाताला काहीतरी टणक लागते, आणि मग घरात बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी ती गाठ दाबून, चोळून, शेकून बघते. नाहीतर त्याच संध्याकाळी मोबाइलवर शोधाशोध होते आणि सगळे घर कर्करोगाच्या भीतीने हादरते. पहिल्या प्रकारात साधी सूज पिकते. दुसऱ्या प्रकारात घाईघाईने सुई घालून तपासणी होते, कधी गाठ कापून काढली जाते, आणि त्याची किंमत मुलीला पुढे वयात येताना मोजावी लागते.

लहान मुलांच्या छातीतल्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात आणि या वयात स्तनाचा कर्करोग अत्यंत दुर्मिळ आहे. तरीही काही गाठी त्याच दिवशी दाखवाव्या लागतात आणि काही एखाद्या अंतःस्रावी (हार्मोनच्या ग्रंथींच्या) आजाराची पहिली खूण असतात. हा फरक ओळखण्यासाठी पायऱ्यांचा क्रम पाळावा लागतो. सगळ्यात जास्त चुका क्रम उलटा केल्यामुळे होतात: आधी सोनोग्राफी, मग सर्जन, आणि मुलाचे वय, उंची, चालू औषधे हे प्रश्न अगदी शेवटी.

## पायरी १: पहिल्या तासात काय करायचे नाही

गाठ लागली की हात मागे घ्या. ती पुन्हा पुन्हा चाचपू नका. घरातल्या प्रत्येकाने "बघू, मला लागते का" म्हणून दाबायची गरज नाही. दिवसातून दहा वेळा दाबलेला भाग दुखरा आणि लाल होतो, आणि मग डॉक्टरांनाही कळत नाही की लाली आजाराची आहे की हाताळण्याची.

पुढच्या गोष्टी कोणत्याही वयात टाळा:

- दाबून दूध किंवा पाणी काढणे
- गरम तेलाने चोळणे, शेगडीवर किंवा तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकणे
- हळद, चुना, सुंठ, बिब्बा यांचे लेप लावणे
- घरात उरलेले प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सुरू करणे
- मुलीच्या छातीचा फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे

फोटोबद्दल मला विशेष सांगायचे आहे. डॉक्टरांनी स्वतः मागितला असेल तरच काढा, फक्त त्यांनाच पाठवा आणि काम झाले की पुसून टाका. मुलांच्या शरीराचे फोटो एकदा फिरायला लागले की परत येत नाहीत.

## पायरी २: नेमके वय लिहून काढा

"तीनेक वर्षांची असेल" एवढ्याने भागत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख बघा आणि वर्षे, महिने मोजा. एकाच जागची, एकाच आकाराची गाठ तीन आठवड्यांच्या बाळात, पाच वर्षांच्या मुलीत आणि दहा वर्षांच्या मुलीत पूर्णपणे वेगळा अर्थ सांगते.

दोन वये पाठ करून ठेवावीत. मुलीत ८ वर्षांच्या आधी स्तनांची वाढ सुरू झाली, तर तिची कारणमीमांसा व्हायलाच हवी. मुलात वयात येण्याच्या खुणा ९ वर्षांच्या आधी दिसल्या, तर तपासणी हवी. ८ ते १३ या वयात मुलीच्या छातीत कळी, म्हणजे स्तनाग्रामागे वाढू लागलेली छोटी चकती, येणे हा तिच्या वाढीचा भाग आहे.

## पायरी ३: नजरेने बघा, हात न लावता

मुलाला उजेडात, उघड्या छातीने, हात बाजूला सोडून उभे करा किंवा उताणे झोपवा. मूल कळत्या वयाचे असेल तर आधी त्याला सांगा, विचारा, दार लावून घ्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आईने, आजीने किंवा तिला ज्या बाईचा विश्वास वाटतो तिने बघावे.

बघायच्या गोष्टी अशा:

- सूज एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना
- ती नेमकी स्तनाग्राच्या मागे आहे, की वर, खाली, काखेकडे, बरगडीवर
- कातडी लाल, चकाकती, निळसर किंवा खडबडीत झाली आहे का
- स्तनाग्राभोवतीचे वर्तुळ गडद किंवा मोठे झाले आहे का
- स्तनाग्रातून काही येते का: दूध, पाणी, पू, रक्त
- काखेत किंवा जांघेत केस, चेहऱ्यावर पुटकुळ्या, घामाला मोठ्यांसारखा वास
- अंगावर चहाच्या रंगाचे मोठे, कडा वेड्यावाकड्या असलेले डाग

शेवटची खूण बहुतेक पालक सांगायला विसरतात, कारण डाग जन्मापासून असतात आणि त्यांची सवय झालेली असते. पण लहान वयात स्तनांची वाढ, अंगावरून रक्त जाणे आणि असे डाग एकत्र आले, तर डॉक्टर एका ठरावीक आजाराचा शोध घेतात. त्या आजारात हाडेही ठिसूळ होतात. म्हणून "हे तर जन्मखूण आहे" म्हणून सोडून देऊ नका.

## पायरी ४: एकदाच हात लावा

हात धुवा, कोमट करा. मूल उताणे असताना तीन बोटांच्या पोटाने, टोकाने नाही, हलकेच आधी चांगली बाजू आणि मग गाठीची बाजू तपासा. चिमटीत धरू नका. चिमटीत धरले की कोणाच्याही छातीत गाठ "लागते"; जाड मुलांमध्ये तर हमखास.

चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की थांबा.

पहिला: स्तनाग्राच्या बरोबर मागे चकतीसारखे काही आहे आणि ते स्तनाग्रासोबत हलते का? असेल तर ती बहुधा स्तनाची कळीच आहे. दुसरा: सगळीकडे सारखेच मऊ लागते, चकती अशी नाहीच का? मग ती चरबी असू शकते. तिसरा: गाठ दगडासारखी कडक आणि हाडाला चिकटलेली आहे का? पुष्कळदा तो बरगडीच्या कूर्चेचा (लवचिक, मऊ हाडाचा) उंचवटा असतो. दुसऱ्या बाजूला तसाच उंचवटा आहे का ते बघा, पण डॉक्टरांना दाखवाच. चौथा: हात लावताच मूल कळवळते का, जागा गरम लागते का?

तपासून घ्या: बीसीजीची लस जन्मानंतर डाव्या दंडावर दिली जाते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काही बाळांच्या डाव्या काखेत अवधाण येते आणि ते छातीतली गाठ म्हणून दाखवायला आणले जाते. गाठ काखेत असेल आणि डाव्या दंडावर लशीचा फोड किंवा व्रण असेल, तर डॉक्टरांना हे आधी सांगा. बहुतेक वेळा ते आपोआप बसते. ते फोडायचे किंवा चिरायचे नसते.

### इथेच थांबा: ही लक्षणे असतील तर आजच दवाखाना

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप: योग्य रीतीने मोजलेला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त
- बाळ अंगावर पीत नाही, सुस्त आहे, अंग गार पडते आहे
- छातीचा भाग लाल, गरम, दुखरा आहे, लाली पसरते आहे किंवा पू दिसतो आहे
- गाठ काही दिवसांत झपाट्याने वाढते आहे
- कातडी आत ओढली गेली आहे, व्रण पडला आहे
- गाठीसोबत वजन घटणे, फिकटपणा, लांबलेला ताप, मानेत किंवा काखेत आणखी गाठी
- मुलाला आधी रक्ताचा किंवा दुसरा कर्करोग झालेला आहे, किंवा छातीवर किरणोपचार झालेले आहेत
- आठ वर्षांखालील मुलीच्या अंगावरून रक्त जाते. नवजात मुलीतल्या पहिल्या आठवड्यातल्या किंचित रक्तस्रावाबद्दल पुढे सांगितले आहे
- मुलाला सतत डोकेदुखी, उलट्या, नजर कमी होणे, आणि सोबत छातीची वाढ

नवजात बाळाची तब्येत बिघडलेली वाटली तर रात्र उलटण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी स्वतंत्र कक्ष असतो, आणि सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला उपचार, औषधे व नेण्या-आणण्याची सोय मोफत मिळण्याची तरतूद आहे.

यातले काहीच नसेल, तर पुढची पायरी सावकाश वाचा.

## पायरी ५: वयाप्रमाणे कारण शोधा

### जन्म ते सहा महिने

सर्वांत जास्त चुका याच वयात होतात, म्हणून हा भाग लांब आहे.

पोटात असताना आईची संप्रेरके (हार्मोन) वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. त्यामुळे मुलगी असो की मुलगा, बाळाच्या स्तनाच्या पेशी फुगतात. जन्मानंतर आईची संप्रेरके अचानक उतरतात आणि बाळाच्या शरीरातले दूध तयार करणारे संप्रेरक वर राहते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोन्ही स्तन टणक लागतात आणि काही बाळांत दुधासारखा थेंबही येतो. पूर्ण दिवस भरलेल्या बाळांत ही सूज अगदी सामान्य आहे. मुलींच्या अंगावरून याच काळात पांढरे किंवा किंचित रक्तमिश्रित पाणी जाते, त्याचेही कारण तेच. बहुतेक बाळांत सूज काही आठवड्यांत ओसरते, काहींत सहा महिन्यांपर्यंत रेंगाळते, मुलींत जरा जास्तच.

आता चूक कुठे होते ते बघू. मालीश करायला येणाऱ्या मावशी किंवा घरातल्या आजी "दूध काढले नाही तर गाठी राहतात", "मुलगा आहे, छाती वाढेल" असे म्हणून रोज स्तन पिळतात. त्यांच्या मनात बाळाचे भलेच असते. पण पिळल्याने दूध येणे थांबत नाही, उलट सूज टिकून राहते. शिवाय नखांमुळे आणि दाबामुळे कातडीला बारीक चिरा पडतात, त्यातून जंतू आत शिरतात आणि दुसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास स्तन लाल होऊन पिकतो. यात बहुधा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो. या वयात ताप नसतानाही आतून संसर्ग वाढत असू शकतो, म्हणून "ताप नाही ना, मग बघू दोन दिवस" हा हिशेब नवजात बाळाला लागू करू नका.

गळू झाले तर पू काढावा लागतो, आणि तिथे दुसरा धोका उभा राहतो. स्तनाग्रामागे जी छोटी चकती असते तिच्यातूनच पुढे मुलीचा पूर्ण स्तन घडतो. कोंब खुडला की झाड वाढत नाही, तसेच हे. चुकीच्या जागी चीर दिली तर वयात आल्यावर ती बाजू लहान राहू शकते. म्हणून शक्य असेल तेव्हा सोनोग्राफीत बघत सुईने पू काढतात, आणि चीर द्यावीच लागली तर ती स्तनाग्रापासून दूर देतात. हे काम बालशल्यविशारदाकडेच (लहान मुलांच्या सर्जनकडेच) व्हावे, असा आग्रह धरा.

मावशींशी बोलताना वाद घालू नका, सरळ सांगा, "डॉक्टरांनी छातीला हात लावायला मनाई केली आहे. पाठ, हात, पाय यांची मालीश करा." आशाताई बाळाच्या घरभेटीला येतात त्या दिवशी, म्हणजे साधारण तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्यांच्याकडून आजींसमोरच हे वदवून घेतले तर ते जास्त पटते.

तपासून घ्या: सूज दोन्ही बाजूंना आहे, कातडीचा रंग नेहमीचा आहे, बाळ छान पिते आणि झोपते? मग तपासण्यांची गरज नाही. पुढच्या लसीकरणाच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा, तोवर हात लावू नका. सूज एका बाजूला थोडी जास्त असणेही चालते. एकाच बाजूला लाली दिसली तर मात्र आजच.

आणखी एक घाबरवणारी गोष्ट म्हणजे स्तनाग्रातून रक्ताचा थेंब. तान्ह्या आणि छोट्या बाळांत याचे सर्वांत नेहमीचे कारण दुधाच्या नळ्या रुंदावणे हे असते, आणि ते बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. डॉक्टरांना दाखवावे लागते, पण "आणखी येते का" म्हणून दाबून बघायचे नाही.

### सहा महिने ते तीन वर्षे

या वयात मुलींना एका किंवा दोन्ही बाजूंनी स्तनाची कळी येते, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. तान्हेपणी मुलींची स्वतःची संप्रेरके काही काळ वर असतात आणि काही जणींच्या स्तनपेशी त्यांना जास्त प्रतिसाद देतात. फक्त छातीपुरती ही वाढ असेल, उंची नेहमीच्या गतीने वाढत असेल, केस नसतील, रक्तस्राव नसेल, स्तनाग्र फारसे बदलले नसेल, तर उपचार लागत नाहीत. सूज कमी-जास्त होत राहते आणि पुढे बहुतेक जणींत विरते. मात्र थोड्या मुलींत हीच खरी वयात येण्याची लवकर झालेली सुरुवात ठरते. त्यामुळे "काही नाही" असे एकदा ऐकून विसरून जाणे चूक. दर ३ ते ६ महिन्यांनी उंची आणि छाती बघून घ्यावी.

याच वयात घरातली औषधे तपासा. आईची किंवा आजीची इस्ट्रोजेनची (स्त्री-संप्रेरकाची) मलमे मुलीच्या कातडीला लागून छाती वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचे पाकीट मुलांच्या हाती लागत नाही ना, हेही बघा. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी २००८ साली काही लहान मुलींची माहिती प्रसिद्ध केली होती: त्यांना पोटाच्या तक्रारीसाठी बडीशेपेचा काढा बरेच दिवस रोज दिला जात होता, छाती वाढली, आणि काढा बंद केल्यावर सूज उतरली. आपल्याकडेही बाळाला वात होतो म्हणून बडीशेपेचे पाणी देतात. थोड्या मुलींवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, पण छातीत गाठ असलेल्या बाळाला ते पाणी बंद करण्यात काहीच तोटा नाही. सहा महिन्यांच्या आत तर आईच्या दुधाशिवाय तसेही काही द्यायचे नसते.

### तीन ते आठ वर्षांच्या मुली

इथे मी पालकांना थोडी घाई करायला सांगेन. या वयात नव्याने आलेली कळी बऱ्याचदा निरुपद्रवीच असते, पण वेळेआधी वयात येणे सुरू झाले असेल तर महिने मोलाचे असतात. अशा मुली आधी वर्गात उंच दिसतात, घरच्यांना कौतुक वाटते, पण हाडे लवकर पक्व झाल्यामुळे उंची पुढे लवकर थांबते. बहुतेक मुलींत त्यामागे कोणताही गंभीर आजार सापडत नाही; तरी थोड्यांत मेंदूतले कारण असते, म्हणून तपासणी चुकवू नये.

चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. त्याहून बरीच जास्त वाढ झाली असेल तर ती पहिली खूण समजा. उलट प्रकारही आहे: छाती वाढते आहे पण उंची खुंटली आहे, बद्धकोष्ठता आहे, मूल मंद झाले आहे. तेव्हा थायरॉइड फार कमी पडले असू शकते, आणि ते साध्या रक्त तपासणीत कळते.

या टप्प्यावर घरात हमखास दूध आणि अंडी बंद होतात. "पिशवीच्या दुधातल्या इंजेक्शनमुळे झाले" हे इतक्या वेळा सांगितले जाते की ते खरे वाटू लागते. जनावराला पान्हा सोडण्यासाठी टोचतात ते संप्रेरक पोटात गेल्यावर पचून जाते. दूध बंद केल्याने गाठ जात नाही, मुलीची प्रथिने आणि कॅल्शियम मात्र जातात.

### आठ वर्षांनंतरच्या मुली

कळी बहुधा एका बाजूला आधी येते. ती नाण्याएवढी, जराशी कडक, धक्का लागला की दुखणारी असते. दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. पहिली पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी. एवढे माहीत नसल्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलींना "एकाच बाजूला गाठ" म्हणून थेट सुईच्या तपासणीला नेले जाते. हे होऊ देऊ नका.

पाळी सुरू झाल्यानंतर वेगळी, रबरासारखी, बोटाखाली सटकणारी गाठ लागली तर ती बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमा असते. ती निरुपद्रवी गाठ आहे. सोनोग्राफी करून काही महिने लक्ष ठेवतात. भराभर वाढली किंवा ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली तर काढतात.

### मुलगे

नवजात मुलांबद्दल वर आलेच आहे. साधारण १२ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये स्तनाग्रामागे दुखरी चकती येणे फार सामान्य आहे आणि ती एक-दोन वर्षांत जाते. मुलाला चिडवणे थांबवा. तो शाळेत शर्ट काढायला, पोहायला नकार देतो त्याचे कारण बरेचदा हेच असते. शरीर कमावण्याच्या पावडरी आणि इंजेक्शने घेतो का, हे शांतपणे विचारा.

वयात येण्याच्या कोणत्याही खुणा नसताना लहान मुलाच्या छातीत खरी चकती लागली तर ती दुर्मिळ बाब आहे, तिची तपासणी हवीच. डॉक्टर अंडकोष तपासतील, ते टाळू नका. अंडकोषातल्या किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतल्या गाठीमुळे असे होऊ शकते. स्पायरोनोलॅक्टोन, रिस्पेरिडोन, किटोकोनॅझोल यांसारख्या औषधांमुळेही छाती वाढते. लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल असलेली उत्पादने सतत लावणाऱ्या काही मुलांमध्ये असे घडल्याच्या नोंदी आहेत; संबंध पक्का सिद्ध झालेला नाही, तरी बंद करून बघणे सोपे आहे.

### कोणत्याही वयात

मार लागल्यावर रक्त साकळून गाठ होते; ती निळसर, दुखरी असते आणि आठवड्यांत विरते. मार कसा लागला हे मूल सांगायला कचरत असेल तर त्याला एकटे घेऊन, न रागावता विचारा. रक्तवाहिन्यांची लाल-निळी, दाबली की दबणारी गाठ जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत वाढते; स्तनाग्राजवळ असेल तर लवकर दाखवावी, कारण त्यावर औषध आहे.

## पायरी ६: डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचे

एक पान पुरते. त्यावर लिहा: जन्मतारीख, गाठ पहिल्यांदा कधी लागली, त्यानंतर वाढली की कमी झाली, दुखते का, काय बाहेर आले, कोणती औषधे, मलमे, तेले, काढे घरात वापरले जातात (फक्त मुलाची नव्हे, सगळ्यांची), आईला पहिली पाळी कितव्या वर्षी आली, आई-वडिलांची उंची. दोन वर्षांतल्या उंचीच्या जेवढ्या नोंदी मिळतील तेवढ्या न्या. शाळेचे आरोग्य पत्रक, अंगणवाडीतली नोंद, लसीकरणाचे कार्ड, भिंतीवरची पेन्सिलीची खूण, काहीही चालते. डॉक्टरांना एका दिवसाच्या गाठीपेक्षा उंचीचा वेग जास्त सांगतो.

पिळले, शेकले, लेप लावला असेल तर तेही सांगा. लपवल्याने निदान चुकते.

## पायरी ७: कोणाकडे जायचे

पहिली भेट बालरोगतज्ज्ञाची. मोठ्यांच्या सर्जनकडे किंवा परस्पर सोनोग्राफी केंद्रात नको. जवळ बालरोगतज्ज्ञ नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्यांच्याकडून जिल्ह्याला पाठवणी मिळू शकते.

तिथून पुढे दोनच वाटा. वेळेआधी वयात येण्याची शंका असेल तर मुलांच्या अंतःस्रावी आजारांचे तज्ज्ञ. पू, रक्तवाहिन्यांची गाठ किंवा खरी वेगळी गाठ असेल तर बालशल्यविशारद.

## पायरी ८: तपासण्या कोणत्या, कोणत्या क्रमाने

तपासणीच्या खोलीतली वाढीची नोंद आणि डॉक्टरांचा हात ही पहिली तपासणी. बऱ्याच मुलांत तीच शेवटचीही असते.

गरज पडली तर छातीची सोनोग्राफी. तिच्यात किरण नसतात, आणि कळी, पाणी, पू, रक्तवाहिन्या वेगळ्या दिसतात. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) मुलांसाठी नाही: या वयातल्या घट्ट पेशींमध्ये ती फारसे दाखवत नाही आणि किरण विनाकारण जातात.

लवकर वयात येण्याची शंका असेल तर डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय बघतात. मग रक्तातली संप्रेरके आणि थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी करून गर्भाशय आणि अंडाशय. मेंदूचा एमआरआय सगळ्यांना लागत नाही. सहा वर्षांखालच्या मुली आणि लवकर वयात येणारे मुलगे यांच्यात त्याची गरज जास्त वाटते. निदान पक्के झाले तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन वाढीचा वेग योग्य वयापर्यंत रोखता येतो. ते कोणाला द्यायचे, हे तज्ज्ञच ठरवतील.

इशारा: वयात न आलेल्या मुलीच्या स्तनाग्रामागच्या गाठीत सुई घालणे किंवा तिचा तुकडा काढणे, हे कोणी पहिल्याच भेटीत सुचवले तर थांबा. विचारा: "ही कळी नाही हे कशावरून ठरले? सोनोग्राफीत काय दिसले? बालशल्यविशारदांचे मत घेतले का?" काही गाठींना अशी तपासणी खरोखर लागते, पण ती वरच्या पायऱ्या झाल्यानंतर, आणि मुलांचा अनुभव असलेल्या हातांनी. कळी "गाठ" समजून काढली गेली तर त्या बाजूचा स्तन पुढे वाढत नाही आणि ते परत मिळवता येत नाही.

## पायरी ९: "लक्ष ठेवू" म्हणजे काय करायचे

डॉक्टर "लक्ष ठेवू" म्हणतात तेव्हा बरेच पालक दुसऱ्या दवाखान्याचा रस्ता धरतात, किंवा सगळे विसरतात. लक्ष ठेवण्याचीही पद्धत आहे.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला बघा. मधल्या काळात हात लावू नका. दर तीन महिन्यांनी उंची मोजा: अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर वही आडवी धरून, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच भिंतीवर. तारीख, उंची, वजन आणि एका ओळीत "गाठ तशीच / कमी / वाढली" असे लिहा. पुढच्या भेटीची तारीख दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच घ्या.

दोन भेटींच्या मध्ये दुसरी बाजूही वाढू लागली, काखेत केस दिसले, कपडे भराभर आखूड व्हायला लागले किंवा अंगावरून रक्त गेले, तर तारखेची वाट न बघता जा. पहिल्या दोन वर्षांत आलेली कळी पूर्ण विरली तरी आठ वर्षे पूर्ण होईपर्यंत सहा महिन्यांनी उंचीची नोंद चालू ठेवा, आणि ते पान लसीकरणाच्या कार्डातच ठेवा, म्हणजे डॉक्टर बदलले तरी सोबत राहील.